रोजाक: स्टॉलवर काय सांगायचं, आणि घरी केला की पाणी का सुटतं?

पाटावरवंटा

सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये (एका छताखाली खाण्याचे बरेच स्टॉल असतात तिथे) मिळतो तो काळ्या सॉसचा रोजाक, म्हणजे फळं-भाज्या सॉसमध्ये कालवून केलेला पदार्थ, घरी जमत नाहीये. काकडी, अननस, कैरी, दाण्याचा कूट, चिंच, साखर आणि कोळंबीची पेस्ट (तपकिरी, वडीसारखी घट्ट) एवढं घेते. पाच मिनिटांत भांड्याच्या तळाशी पाणी साचतं आणि चव नुसती खारट, उग्र लागते. कुठे चुकतंय? दुसरं म्हणजे, डिसेंबरात काही शाकाहारी मंडळी तिकडे जाणार आहेत, त्यांना स्टॉलवर काय मागायला सांगू?

तुरटगोड

आधी पेस्ट बदला. तुमच्याकडे आहे ते बेलाचान. ते आंबवून वाळवलेलं असतं, भाजून चिमूटभर वापरायचं. रोजाकला लागते ती हे-को, मलय भाषेत पेतिस उदांग. ती काळी असते, काकवीसारखी दाट, आणि तिच्यात मुळातच साखर असते. स्टॉलवरचा तो गोडसर दाटपणा तिचाच. बेलाचान कितीही गोड केलं तरी तिथे पोचत नाही. फ्रिजमध्ये हे-को घट्ट होते, तेव्हा बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा. पाणी घालून पातळ करू नका.

दोघांपुरतं प्रमाण: हे-को २ टेबलस्पून, साखर २ टेबलस्पून, चिंचेचा घट्ट कोळ दीड टेबलस्पून, वाटलेली लाल मिरची १ चमचा, लिंबाचा रस १ चमचा. भाजलेले दाणे अर्धी वाटी, जाडसर कुटलेले. बारीक कूट सॉस शोषून त्याचा चिखल करतो; दाणा दाताखाली आला पाहिजे. मीठ अजिबात नको.

आता पाण्याचं. साखर आणि हे-कोतलं मीठ फळांतून पाणी ओढतं, ते थांबवता येत नाही, फक्त लांबवता येतं. म्हणून स्टॉलवाले फळं आधी चिरून ढीग लावत नाहीत, ऑर्डर आली की थेट भांड्यावर धरून तिरकी कापतात. फोडी जाड, दोन सेंटिमीटरच्या. पातळ चकत्या केल्या की कापलेली बाजू वाढते आणि पाणी लवकर सुटतं. काकडीचा बियांचा गर काढून टाका, अननस चाळणीत निथळू द्या. मुगाचे लांब मोड उकळत्या पाण्यात १५ सेकंद, कांगकोंग (आपली नाळीची भाजी) ३० सेकंद, मग गार पाण्यात घालून मुठीत घट्ट पिळा. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार ही न पिळलेली भाजीच असते.

अर्धीवाटी

वरच्याला क्रमाची जोड देते, कारण निम्मं यश त्यात आहे. लाकडी भांड्यात आधी मिरची, साखर, चिंच, लिंबू आणि हे-को. साखरेची करकर थांबेपर्यंत लाकडी चमच्याने घोटायचं. मग निम्मे दाणे. मग कडक फळं: बंगकुआंग (पांढरा रसाळ कंद, बंगाल्यांचा शांख-आलू), काकडी, अननस, कैरी. ती सॉसने माखली की मोड आणि कांगकोंग. यूतियाव, म्हणजे तळलेल्या मैद्याच्या कांड्या, आणि ताऊ पोक, म्हणजे आतून पोकळ तळलेला टोफू, सगळ्यात शेवटी. ते आधी पडले तर स्पंजसारखा सगळा सॉस पितात आणि फळं कोरडी राहतात.

हे दोन्ही आधी कुरकुरीत करून घ्यायचे. चांगल्या स्टॉलवर ते निखाऱ्यावर शेकतात; ताऊ पोकच्या कडा काळपट होऊन फुगतात, कात्री लावली की कर्रर्र आवाज येतो. घरी कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चालेल.

वरून उरलेले दाणे आणि बुंगा कांतानची (टॉर्च जिंजरच्या गुलाबी कळीची) बारीक चिरलेली पाकळी, अर्धा चमचा पुरे. मुंबई-पुण्यात नाही मिळाली तर लिंबाची साल किसून घाला. आलं नको, त्याचा वास निराळ्याच दिशेला जातो.

काठावरचा

शाकाहारी मंडळींना आधी हे सांगा की फळं दिसतात म्हणून हा पदार्थ शाकाहारी नाही. हे-को कोळंबीचीच. ‘कोळंबी नको’ म्हणून भागत नाही, कारण ती वेगळी काढता येत नाही आणि भांडंही तेच असतं. कोळंबीची किंवा दाण्यांची ॲलर्जी असेल तर तो स्टॉल टाळावाच. पूर्ण शाकाहारी हॉकर स्टॉल असतात, त्यांपैकी काहींकडे सोयाबीनच्या सॉसचा रोजाक मिळतो, तिथेच मागा.

दुसरा तो इंडियन रोजाक, तमिळ मुस्लिम स्टॉलवरचा. त्यात फळं नसतात. काचेमागे वडे, नारळाची भजी, बटाटा, टेम्पे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), अंडं, कोळंबीची भजी मांडलेली असतात. आपण नग निवडायचे, ते पुन्हा तळून कापून देतात, सोबत काकडी, कांदा, हिरवी मिरची आणि वाटीत नारिंगी सॉस. त्याला दाटपणा रताळ्याचा, वर मिरची आणि दाणे. बटाटा निवडला तरी तेल कोळंबीच्या भज्यांचंच असतं, हे काटेकोर लोकांना आधीच सांगा.

नग पुन्हा कडकडीत तळले जातायत ना, हे जरूर बघा. एप्रिल २००९मध्ये गेलांग सेराईच्या तात्पुरत्या बाजारात इंडियन रोजाकमधून विषबाधा झाली, दीडशेच्या आसपास लोक आजारी पडले आणि दोघी दगावल्या. कच्च्या समुद्री मालातला व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस जंतू तयार अन्नाला लागला होता. कच्चं आणि शिजलेलं एकाच फळीवर कापलं जात असेल तर पुढे चला.

ताटल्या उचलून रॅकवर ठेवणं हॉकर सेंटरमध्ये २०२१पासून सक्तीचं आहे. हलालचा रॅक वेगळा असतो, पाटी वाचून ठेवा.

पाटावरवंटा

बियांचा गर काढून आणि कांगकोंग पिळून केला. दहा मिनिटांनीही तळ कोरडा होता. हे-को मागवली आहे. काळ्या सॉसचा रोजाक स्टॉलवरून बांधून न्यायचा असेल तर?

तुरटगोड

‘ता-पाउ’ म्हणा आणि यूतियाव वेगळ्या पिशवीत मागा. बरेच जण देतात. सॉसही वेगळा मिळाला तर उत्तम, घरी पोचल्यावर कालवा. कालवलेला न्यायचाच असेल तर झाकण घट्ट लावू नका, वाफेने दाणेही मऊ पडतात. आणि पंधरा मिनिटांच्या आत खा.