मदत हवी आहे: घरच्या प्रार्थनेसाठी कोणता शास्त्रपाठ घ्यावा?

जय ख्रिस्त मंडळी. तासगावला मामांची द्राक्षबाग ऐन फुलोऱ्यात अवकाळीनं गेली. डावणी (वेलीवरचा बुरशीचा रोग) पसरली, घड कुजले, सोसायटीचं कर्ज तसंच. तेव्हापासून ते रविवारी उपासनेला येत नाहीत. शुक्रवारी त्यांच्या घरी प्रार्थना आहे आणि संदेश मला द्यायचाय.

बायबलमधलं हबक्कूक संदेष्ट्याचं ३:१७-१८ मनात आहे. द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी संदेष्टा परमेश्वराच्या ठायी आनंद करतो. पण बाग गेलेल्या माणसापुढं हे वाचलं तर जखमेवर मीठ नाही ना होणार? त्यापेक्षा स्तोत्र १३ बरं का? त्यात दावीद आधी 'कोठवर?' म्हणून देवालाच जाब विचारतो, भरवसा शेवटी येतो.

'देव परीक्षा बघतोय' हे त्यांना सगळ्यांनी ऐकवून झालंय, ते नको. बागायतदार कुणी असाल तर सांगा, अशा वेळी तुम्हाला काय ऐकवलं?