डिस्कच्या जाडीत, थरावर थर डेटा लिहितात म्हणजे नेमकं काय करतात?

अर्धवटराव:
मंडळी, एक शंका आहे. सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे इथपर्यंत मला कळतं, लेझरची वेव्हलेंथ ७८० वरून ६५० आणि मग ४०५ नॅनोमीटरवर आणली, ठिपका बारीक झाला आणि तेवढ्याच चकतीत जास्त डेटा मावायला लागला. पण हल्ली थ्रीडी ऑप्टिकल स्टोरेजबद्दल वाचतोय, त्यात म्हणे प्रकाशाने बदलणारं मटेरियल वापरून आत शंभर-शंभर थर लिहितात. माझं घोडं इथेच अडतं. लेझर खालच्या थरापर्यंत जाणार तो वरच्या थरांमधूनच ना? मग जाताजाता वरचं सगळं खराब कसं होत नाही? वहीची पानं न उलटता मधल्याच पानावर लिहिल्यासारखं झालं हे. आणि एवढं भारी आहे तर बाजारात का दिसत नाही?

लेन्सवाला:
शंका रास्त आहे, नुसता फोकस आत नेऊन भागत नाही. साध्या शोषणात एक रेणू एक फोटॉन (प्रकाशाचा कण) घेतो, त्यामुळे वरच्या थरात प्रकाश विरळ असला तरी तो जास्त जागेवर पसरलेला असतो आणि बेरीज केली तर प्रत्येक थरात जवळपास तेवढेच रेणू बदलतात. सगळाच चिखल.

म्हणून रेणू असा निवडायचा की एका फोटॉनने त्याचं काहीच होत नाही, दोन एकदम मिळाले तरच तो बदलतो. आता शक्यता तीव्रतेच्या वर्गावर जाते आणि सगळी मजा या वर्गातच आहे. फोकसपासून वर जिथे झोताचा व्यास दहापट झालाय तिथे क्षेत्रफळ शंभरपट, म्हणजे तीव्रता शंभरावा हिस्सा आणि एकेका रेणूची बदलण्याची शक्यता दहा हजारावा हिस्सा. वरचा थर जवळजवळ कोराच राहतो. मारिया गोप्पर्ट-मायर यांनी दोन फोटॉनचं हे शोषण १९३१ मध्ये कागदावर मांडलं होतं, प्रत्यक्षात दिसलं ते लेझर आल्यावर, १९६१ मध्ये. एवढी तीव्रता क्षणभरच मिळावी म्हणून फेमटोसेकंद लेझर, म्हणजे अतिशय छोटे पण जोरदार झटके देणारा लेझर, लागतो आणि महागडं प्रकरण तिथेच सुरू होतं.

रसायनी:
+१. पण खरी गोची मटेरियलमध्ये आहे, लेझरवाले हे नेहमी विसरतात :)
१९८९ मध्ये पार्थेनोपोलोस आणि रेंट्झेपिस यांनी स्पायरोपायरान नावाचा प्रकाशाने बदलणारा रेणू वापरून हे करून दाखवलं. मूळ रेणू रंगहीन, दोन फोटॉन मिळाले की त्यातला एक बंध तुटतो, रेणू उघडतो आणि रंगीत मेरोसायनीन होतो, त्यावर पुन्हा प्रकाश टाकला की तो लालसर चमकतो. चमकला तर १, नाही तर ०. झकास ना? पण हा उघडलेला रेणू साध्या खोलीच्या तापमानाला आपला आपण मिटायला लागतो, म्हणजे डेटा टिकवायचा तर थंड ठेवा, आणि वाचायला टाकलेल्या प्रकाशानेही काही रेणू परत फिरतात. थोडक्यात वाचाल तितकं पुसट होणार. लिहिताना पटकन बदलणारा पण वाचताना ढिम्म न हलणारा रेणू पाहिजे, आणि या दोन अटी एकमेकींच्या मुळावर उठतात. खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचं बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन हे प्रथिनसुद्धा याच कामासाठी वापरून बघितलंय.

टेपप्रेमी:
मला या बातम्यांचा आता कंटाळा आलाय. इनफेज नावाच्या कंपनीची ३०० जीबीची होलोग्राफिक डिस्क (डेटा ठिपक्यांऐवजी दोन झोतांच्या मिसळीच्या नक्षीत साठवणारी) आठवते का? तीही प्रकाशाने बदलणाऱ्या पॉलिमरचीच, येणार येणार म्हणून गाजली आणि २०१० मध्ये कंपनीच बंद. २०२४ मध्ये शांघायच्या संशोधकांनी नेचर या विज्ञानपत्रिकेत शंभर थरांची, डीव्हीडीएवढी डिस्क मांडली, १.६ पेटाबिट म्हणजे २०० टीबी. आकडा भारीच आहे, पण भरणार कधी? समजा सेकंदाला १०० एमबीने लिहिलं तरी २३ दिवस लागतील बघा. तोवर माझ्या मॅग्नेटिक टेप लिहून कपाटात जातील.

लेन्सवाला:
@टेपप्रेमी, वेगाचं मान्य, पण एकदाच लिहून वर्षानुवर्षं ठेवायच्या डेटाला २३ दिवस म्हणजे फार नाही, आणि एकाच झोताने लिहा असं कोणी सांगितलंय? मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये साडेसात सेंटीमीटरच्या चौकोनी, २ मिलिमीटर जाड काचेत अख्खा सुपरमॅन सिनेमा साठवला, ७५.६ जीबी. तिथे रंग बदलणारा रेणूच नाही, फेमटोसेकंद लेझरने काचेतच सूक्ष्म खुणा केल्यात, त्यामुळे रसायनी म्हणतात ते पुसट होणं नाही. अर्थात पुसून पुन्हा लिहिणंही नाही.

अर्धवटराव:
वर्गाचं गणित पटलं, धन्यवाद. पण मग वाचताना वरच्या थरांतले ठिपकेही चमकतील की, ते मिसळत नाहीत का?

लेन्सवाला:
मिसळतात, साध्या प्रकाशाने वाचलं तर. एक उपाय म्हणजे वाचायलाही दोन-फोटॉनवालाच झोत वापरायचा, मग फोकसमधलाच ठिपका चमकतो. दुसरा म्हणजे डिटेक्टरसमोर बारीक छिद्र ठेवायचं, फोकसबाहेरून आलेला प्रकाश त्या छिद्रावर पसरट पडतो आणि बहुतेक बाहेरच अडतो. मात्र जितकं खोल जाल तितका मटेरियलच्या अपवर्तनांकामुळे (प्रकाश किती वाकतो त्याचं माप) फोकस फाटतो, म्हणून खोलीप्रमाणे लेन्सची दुरुस्ती बदलत ठेवावी लागते, आणि ते फिरत्या डिस्कवर करायचं म्हणजे डोक्याला तापच.