अ‍ॅकी-सॉल्टफिश: मासा खारटच राहतो, अ‍ॅकीचा लगदा होतो

खवय्या_सदर:
जमैकाचा अ‍ॅकी-सॉल्टफिशचा (अ‍ॅकी नावाचं फळ आणि खारवलेला मासा) नाश्ता जमून नाही राहिला. अ‍ॅकीचा ५४० ग्रॅमचा डबा आहे, मासा म्हणून खारी सुरमई घेतली. तासभर भिजवूनही तोंडात घालवत नाही इतकी खारट, आणि अ‍ॅकी परतता परतता पिवळा लगदा. काय चुकतंय? थाइम (सुगंधी पाला) आणि स्कॉच बॉनेट मिरचीऐवजी काय वापरू?

सुकटवाली_मावशी:
भाऊ, तासाभरात नुसतं वरचं मीठ निघतं. २५० ग्रॅम माशाचे दोन बोटं रुंद तुकडे करा, दोन लिटर पाण्यात १० ते १२ तास भिजवा, पाणी तीनदा बदला. फ्रिजमध्येच ठेवा; आपल्याकडच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवलं तर सकाळपर्यंत नासेल. मग नव्या पाण्यात १५ मिनिटं उकळा, झाकण नको, फेस उतू जातो. तुकड्याच्या मधला कण काढून चाखा. जेवणात आवडतं त्याहून किंचित खारट लागला की थांबायचं. जास्तच असेल तर पाणी बदलून आणखी १० मिनिटं. अगदी अळणी होईपर्यंत उकळला तर मासा कापसासारखा होतो, आणि वरून मीठ टाकून ती खारी चव परत येत नाही. काटे-कातडी काढून पाकळ्या सोडवा, चुरा करू नका.

तसं सुरमईपेक्षा मरळ बरी. मूळचा मासा कॉड, पांढऱ्या मांसाचा, जवळजवळ बिनतेलाचा. सुरमई तेलकट, तिचा वास सगळ्यावर चढतो. अर्धा किलो ताजी मरळ बिनकाट्याची करून घ्या, दीडशे ग्रॅम जाड्या मिठात काचेच्या भांड्यात दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, सुटलेलं पाणी रोज ओता. ही कडक वाळवलेली नसते, त्यामुळे ३-४ तास भिजवली तरी पुरते. रोहू नको, बारीक काटे पाकळ्यांत राहतात. बासा तर मुळीच नको, पाणचट.

ओवा_आणि_मिरी:
अ‍ॅकीचं सांगतो. डब्यातली अ‍ॅकी शिजलेलीच असते, तिला फक्त गरम करायचं असतं. चाळणीत १० मिनिटं निथळू द्या. तीन चमचे तेलात एक उभा चिरलेला कांदा, तीन लसूण पाकळ्या, अर्धी ढोबळी मिरची. कांदा मऊ झाला की पुरे, लाल नको. मग मासा ३-४ मिनिटं, एक टोमॅटो, पातीचा कांदा. आता गॅस बारीक, अ‍ॅकी वर पसरा आणि कालथा बाजूला ठेवा. कढईच हलवायची. फार तर एकदा तळातून अलगद उलटा. झाकून तीन मिनिटं, शेवटी भरपूर मिरपूड. मीठ घालायचं नाही.

थाइमचा वास मुख्यतः थायमॉल या द्रव्याचा, तेच ओव्यात असतं. चिमूटभर ओवा किंवा ओव्याची दोन पानं टाका, जास्त नको, नाहीतर भज्यांचा वास येतो. मिरची अख्खी हिरवीच टाका आणि वाढताना काढा. भिवापुरी तिखटाने रंग-वास दोन्ही रश्शाच्या वळणावर जातात.

रिठ्याचं_झाड:
कुणी ताजं अ‍ॅकी फळ आणून दिलं तर जपून. फळ झाडावरच आपोआप उकललेलं हवं. कच्च्या फळात हायपोग्लायसिन हे विषारी द्रव्य असतं. त्याने उलट्या होतात, रक्तातली साखर धोकादायक खाली जाते, जीवही जाऊ शकतो. शिजवून ते निष्प्रभ होत नाही. काळ्या बिया आणि गराला चिकटलेला लालसर पडदा काढून टाकायचा, पिवळट गर तेवढाच खायचा. लिची आणि रिठा याच कुळातले. लिचीतही हे द्रव्य सापडतं.

खवय्या_सदर:
मरळच करतो मावशी. सोबत काय वाढू?

सुकटवाली_मावशी:
तिकडे नीरफणस भाजून देतात. इथे कच्ची केळी सालीला चीर देऊन २० मिनिटं उकडा. नाहीतर तळलेले डंपलिंग: दोन वाट्या मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, दोन मोठे चमचे लोणी, लागेल तसं पाणी. मऊ मळून अर्धा तास झाकून ठेवा, लिंबाएवढे चपटे गोळे मंद आचेवर तळा. आच मोठी केली तर वरून लाल, आतून कच्चे.