मदत हवी आहे : किनाऱ्यावरचं शहर आईसोबत पायी बघायचंय, क्रम कसा लावू?
नमस्कार मंडळी. गाईड न घेता फिरायचं ठरवलंय. दीपगृह, जुना धक्का, घड्याळाचा मनोरा, किल्ला, सगळं मिळून नकाशावर 5 किलोमीटर भरतंय. पण आईचे गुडघे दुखतात, थोडं चाललं की तिला टेकायला जागा लागते, आणि नकाशात पायऱ्या धड कळत नाहीत.

खरी काळजी किल्ल्याची. तिथली दगडी वाट भरतीत पाण्याखाली जाते. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून सकाळी ओहोटी असेल असाच दिवस निवडतेय. मग किल्ला आधी उरकून उन्हं चढायच्या आत शहरात शिरावं का? शेवाळलेल्या ओल्या दगडांवर काठीचा आधार पुरतो का? वयस्कर माणसांना अशा वाटेने नेलेल्यांनी प्लीज सांगा.