गावचा निधी : यंत्र घ्यावे की बायांच्या फेऱ्यांचा खर्च उचलावा?

प्रश्न (आर्वी तालुका, जि. वर्धा)
नमस्कार. आमच्या गुरुदेव सेवा मंडळाकडे पुण्यतिथीची वर्गणी आणि दोन देणग्या मिळून ८२,००० रुपये शिल्लक आहेत. तुकडोजी महाराजांना १९६८ साली कर्करोगानेच नेले, म्हणून ही रक्कम त्याच कामी लावावी असे ठरले. गेल्या वर्षी गावातील एका मजूर बाईला गर्भपिशवीच्या तोंडावर, पुढे कर्करोग होऊ शकेल असा पांढरा चट्टा दिसताच एका खासगी दवाखान्यात पिशवीच काढायला सांगितले, आणि तिने शेळ्या विकून ती काढली. चट्टा नुसता उष्णतेने जाळणारे छोटे यंत्र असते म्हणतात. ते घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावे काय?

उत्तर १ (निवृत्त आरोग्य सहायिका, यवतमाळ)
असे यंत्र आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याच्या वापराची मार्गदर्शक सूचनाही दिली. सौम्य ॲसिटिक आम्ल लावून एक मिनिट थांबले की दोषी भाग पांढरा दिसतो. त्यावर सुमारे १०० अंशांचे टोक २०-३० सेकंद टेकवतात. भूल लागत नाही, टाका नाही, बाई त्याच दिवशी पायी घरी जाते. बर्फासारखे गोठवण्याच्या जुन्या पद्धतीत गॅसचे जड सिलिंडर लागे, तो त्रास यात नाही. मात्र चट्टा आत नळीत शिरला असेल किंवा कर्करोगाचाच संशय असेल तर हे चालत नाही. तिथे तुकडा तपासणीच हवी. म्हणून कोणता चट्टा जाळायचा हे ओळखणारी शिकलेली नजर आधी लागते. ती नसताना दिलेले यंत्र कपाटात कुलपात पडून राहते. अशी कपाटे मी पुष्कळ पाहिली आहेत.

उत्तर २ (वर्धा)
ताईंशी सहमत आहे, फक्त तपासणीला कमी लेखू नका. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे १ लाख ३० हजार महिलांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००९ साली आला : एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) शोधणाऱ्या, एकदाच केलेल्या चाचणीने गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर आले. पुढच्या उपचारांना महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. बुडालेली मजुरी मात्र कोणी देत नाही. ऐन कापूस वेचणीत सेवाग्रामच्या रुग्णालयात दोन फेऱ्या म्हटले की बाई 'दिवाळीनंतर पाहू' म्हणते, आणि ती दिवाळी येतच नाही. सार्वजनिक न्यासांच्या रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात, पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढून द्यायलाही गावात कोणी धावणारा हवा. तुमचे पैसे तिथे लावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. उद्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून एवढेच विचारतो : केंद्रातील कोणाला हे प्रशिक्षण मिळाले आहे काय? नसेल तर यंत्राचा विषय बंद. निधीतून प्रत्येक फेरीला बसभाडे व एका दिवसाची मजुरी द्यायची आणि यादी आशाताईंकडे ठेवायची, असा ठराव मांडतो. ज्या बाईची पिशवी गेली, तिनेच घरोघर सोबत जायची तयारी दाखवली आहे.