शाळेची इलेक्ट्रिक गाडी: फॉर्मवर सही करू का?

प्रेषक: रेडिंगचा एक बाबा

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हे नको, म्हणून वेगळं लिहितो. मुलाच्या शाळेत ग्रीनपॉवरचा (इथे इंग्लंडमध्ये शाळांच्या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यती भरवणारी संस्था) क्लब सुरू होतोय. मुलं स्वतः विजेवरची गाडी बांधतात आणि खऱ्या रेसट्रॅकवर पळवतात. मुलगा ११ वर्षांचा आहे. फॉर्म चार दिवस फ्रीजवर लावून ठेवलाय. त्याच्या आईला अपघाताची धास्ती आहे, मला अभ्यास मागे पडायची. कुणाची मुलं यात होती का? मोकळेपणाने सांगा.

*

प्रेषक: स्विंडनची एक आई

दादा, सही करा. माझी लेक तीन वर्षं अशा टीममध्ये होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी वहिनींच्या धास्तीचं. गाडीला रोल बार असतो, म्हणजे गाडी उलटली तरी डोकं वाचवणारी लोखंडी कमान, मुलाला पट्ट्यांनी घट्ट बांधतात, हेल्मेट सक्तीचं. बाहेरूनही वीज तोडता येईल असा स्विच असतो. शर्यतीच्या सकाळी तपासनीस ब्रेक, पट्टे, वायरिंग सगळं हात लावून बघतात. त्यांचं समाधान झालं नाही तर गाडी ट्रॅकवर जात नाही. आमची एकदा अडवली होती, ब्रेकच्या केबलसाठी. मुलं रडवेली झाली, पण मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

९ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी गॉब्लिन ही छोटी गाडी, ११ ते १६ साठी फॉर्म्युला २४. तिला १२ व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या, आणि मोटर सगळ्या शाळांना तीच. पैसेवाल्या शाळेला जास्त ताकदीची मोटर आणून पुढे जाता येत नाही, हे मला फार आवडतं. ठरलेल्या वेळात जी गाडी जास्त अंतर कापेल ती जिंकते. आमच्या वेळी शर्यत ९० मिनिटांची होती.

पहिल्या वर्षी आम्ही गुडवुडला गेलो. चिचेस्टरजवळचा तो ट्रॅक म्हणजे युद्धाच्या काळातल्या विमानतळाभोवतीचा रस्ता. तिथे १९४८ मध्ये शर्यती सुरू झाल्या, आणि ग्रीनपॉवरची पहिली शर्यतही १९९९ मध्ये तिथेच झाली. आमच्या पोरांनी सुरुवातीपासूनच गाडी दामटली. अर्ध्या तासात पुष्कळ गाड्या मागे टाकल्या. मी कुंपणाला धरून ओरडत होते. तासाभराने गाडी मंदावली, मग चालत्या माणसाच्या वेगावर आली, आणि शेवटची २० मिनिटं गवताच्या कडेला उभी राहिली. लेक आत बसलेली. हेल्मेटची काच खाली होती, पण खांदे हलताना दिसत होते.

पुढच्या वर्षी त्याच मुलांनी अँमीटरच्या (बॅटरीतून किती अँपिअर करंट जातोय ते दाखवणारा काटा) काचेवर १७ च्या आकड्यापाशी टिपेक्सने पांढरी रेघ ओढली. काटा रेघेच्या वर गेला की थ्रॉटल सैल करायचा, शेजारून कुणी सूं करून गेलं तरी. समोरून वारा आला की काटा चढायचा, मग वेग सोडून द्यायचा. १३ वर्षांच्या मुलीला असं मागे राहायला सांगणं किती अवघड असतं, ते मी घरी बघितलंय.

एक अख्खा शनिवार त्यांनी नुसती पुढची चाकं सरळ करण्यात घालवला. दोन चाकांमधलं अंतर पुढून मोजायचं, मग मागून. ४ मिलिमीटरचा फरक निघाला. तेवढ्याने टायर रस्त्याला घासत होते आणि बॅटरी खात होते. त्या वर्षी गाडी शेवटच्या मिनिटापर्यंत पळाली. नंबर मधलाच कुठलातरी आला, पण घरी येईपर्यंत गाडीत गाणी चालली होती.

आणि अभ्यासाचं: ओहमचा नियम तिला शिकवावा लागला नाही.

*

प्रेषक: मिल्टन कीन्सचे काका

सर्वांना नमस्कार. ताईंची मेल दोनदा वाचली. माझी सगळी नोकरी महाराष्ट्रात सबस्टेशनवर गेली. तिथे ११० व्होल्टची बॅटरी असते, ५५ सेलची. बाहेरची वीज गेली तरी ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की लाइन तोडणारा मोठा स्विच, तिच्याच जोरावर उघडतो. ती बॅटरी मी पोटच्या पोरासारखी जपलेली आहे, म्हणून राहवत नाही.

बॅटरीवर समजा ३६ अँपिअर-तास (अँपिअर गुणिले तास) लिहिलंय. तो आकडा २० तास सावकाश, १.८ अँपिअरने काढलं तरचा. तीच बॅटरी दीड तासात उपसायला गेलात तर २५-२६ च पदरात पडतात. जितकी घाई, तितका तोटा. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने हे १८९७ मध्ये मांडलं. आता १७ ला दीडने गुणा: साडेपंचवीस. रेघ बरोबर जागी होती.

दुसरं हवेचं. ताशी २० मैलांवरून २५ वर गेलात तर वेग सव्वापट होतो, पण हवा कापायला लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट. म्हणजे पहिल्या वर्षी पोरं दोन्हीकडून लुटली गेली.

ताई, मुलांना ही रेघ कुणी सांगितली? शिक्षकांनी?

*

प्रेषक: स्विंडनची एक आई

नाही काका. शाळेच्या पार्किंगमध्ये तीन रविवार गाडी गोल गोल फिरवली. एकदा २५ अँपिअरवर, एकदा २०, एकदा १७. दर वेळी बॅटरी बसेपर्यंत. एक मुलगा घड्याळ घेऊन पावसात उभा असायचा आणि दर फेरीला वहीत व्होल्टेज लिहायचा. त्याने गाडी कधीच चालवली नाही, त्याला चालवायचीच नव्हती. ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली अजून आमच्या गराजमध्ये आहे. पॉयकर्टचं नाव त्यांना माहीत नव्हतं. आज लेकीला तुमची मेल दाखवली, तर ती तडक वही काढून आकडे ताडून बघायला बसली.

*

प्रेषक: रेडिंगचा एक बाबा

काका, ताई, मनापासून आभार. फॉर्मवर दोघांनीही सही केली. मुलाने सगळ्या मेल वाचल्या आणि विचारतोय, चाकांमधलं अंतर मोजताना गाडीत ड्रायव्हर बसवायचा की गाडी रिकामी ठेवायची?

*

प्रेषक: स्विंडनची एक आई

लेक म्हणते, बसवायचा. आणि शर्यतीत घालतो तेच बूट घालून. वजन पडलं की चाकं थोडी फाकतात.