ऑल-इन-वनचा मॉनिटर कसा केलात? अनुभव लिहा

ऑल-इन-वन म्हणजे पडदा आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात. त्यातला प्रोसेसर थकतो, पडदा मात्र ठणठणीत असतो, म्हणून तो लॅपटॉपला जोडायचा. पण एचडीएमआय जोडून काही दिसत नाही, कारण बहुतेक ऑल-इन-वनवरचं ते पोर्ट 'आउट', म्हणजे सिग्नल फक्त बाहेर देणारं असतं. लॅपटॉपचंही आउट, त्याचंही आउट. केबल कितीही भारी घेतली तरी पडदा काळाच. मॉडेल आणि केबलसकट लिहा, नुसतं 'माझं झालं' नको.

जुनाआयमॅक
आयमॅक म्हणजे ॲपलचं ऑल-इन-वन. त्याला दुसऱ्या मशीनचा पडदा बनवणारा 'टार्गेट डिस्प्ले मोड' २००९च्या शेवटच्या २७ इंचीपासून २०१४च्या मध्यापर्यंतच आहे. ५के आयमॅकला नाही. २००९-१० ला मिनी डिस्प्लेपोर्टची केबल लागते, २०११ पासून थंडरबोल्टचीच. गंमत म्हणजे दोन्हींचं टोक सारखंच. चुकीची केबल आरामात बसते आणि काहीच होत नाही. थंडरबोल्टची घेताना टोकावर विजेची खूण बघूनच घ्या. आयमॅकवर मॅकओएस हाय सिएरा किंवा त्याआधीची सिस्टिम हवी आणि लॉगिन झालेलं हवं. मग केबल जोडून आयमॅकच्याच कीबोर्डवर कमांड-एफ२. नाही झालं तर सोबत एफएन दाबा.

केबलकुमार
वरच्यात भर: विंडोज लॅपटॉपच्या एचडीएमआयवरून २००९-१० च्या आयमॅकला जायचं असेल तर साधी मिनी डिस्प्लेपोर्ट-एचडीएमआय केबल चालत नाही, ती उलट दिशेची असते. स्वतःची वीज घेणारा कन्व्हर्टर लागतो.

तारेविना
विंडोज १० किंवा ११ असेल तर आधी फुकटचा मार्ग. ऑल-इन-वनवर ऑप्शनल फीचर्समधून 'वायरलेस डिस्प्ले' टाका, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग 'प्रोजेक्टिंग टू धिस पीसी'. लॅपटॉपवर विंडोज-के दाबून नाव निवडा, विंडोज-पी मधून एक्स्टेंड. वायफाय दोन्हीकडे हवंच. माऊस किंचित मागे राहतो. एक्सेलला चालतं, गेमला अजिबात नाही. यूएसबी कॅप्चर स्टिकनेही (लॅपटॉपचं एचडीएमआय घेऊन ऑल-इन-वनला यूएसबीवरून चित्र देणारी कांडी) दिसतं, पण स्वस्तातल्यांवर '४के' लिहिलेलं असतं ते आत येणाऱ्या सिग्नलचं. यूएसबीवरून पुढे सहसा १०८० आणि ३० फ्रेमच मिळतात.

पाना-पकड
मदरबोर्ड मेला असेल तर कंट्रोलर बोर्ड, म्हणजे एचडीएमआय सिग्नल घेऊन थेट पॅनेल चालवणारा वेगळा बोर्ड. बोर्ड घेण्याआधी मशीन उघडा, पॅनेलच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो काढा आणि तोच पूर्ण नंबर विक्रेत्याला पाठवा. इंचावरून मागवू नका. पॅनेलला सिग्नल द्यायच्या एलव्हीडीएस आणि ईडीपी या दोन वेगळ्या पद्धती, आणि ३० पिनांचा कनेक्टर दोन्हींना असतो. पिना मोजून जोडलं आणि व्होल्टेज भलत्या पिनेवर गेलं तर पॅनेल गेलंच. बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्यांचा) ड्रायव्हर बोर्ड वेगळा लागतो का, तेही विचारा. चित्र येतं पण अंधार, ही तक्रार तिथलीच. २००९-११ च्या आयमॅकची काच चुंबकांवर असते, सक्शन कपने निघते. २०१२ पासून चिकटपट्टी आहे, ती चाकाच्या कटरने कापायची आणि बंद करताना नवी लावायची. आत पॉवर सप्लाय उघडा असतो, प्लग काढल्यावरही कपॅसिटरला हात नको.

जुनाआयमॅक
@पाना-पकड, तुमच्या बोर्डला एक दाद: टार्गेट मोडमध्ये पडद्यामागे आख्खा कॉम्प्युटर चालू राहतो, पंखा आणि वीज दोन्ही. बोर्डावर ते नाही.